रक्तदाबाची जोडगोळी

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टरांनी एका औषधाऐवजी दोन औषधे एकत्र असलेली गोळी लिहून दिली, की आपला आजार आता हाताबाहेर चालला, असा ग्रह त्याचा स्वतःचा आणि त्याहून अधिक त्याच्या घरच्यांचा होतो. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या आसपासच्या कोणत्याही औषधाच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहिले, तर हा समज किती खोल रुजला आहे याची प्रचीती येते. पाकिटावर टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन अशी दोन नावे वाचून मुलगा दुकानदाराला विचारतो, की वडिलांना आजवर एकच औषध होते, मग हे दुसरे कशासाठी, आणि ह्यातली साधी गोळी मिळणार नाही काय? प्रश्न रास्त आहे. त्याला मिळणारे उत्तर मात्र बहुधा 'डॉक्टरांनी लिहिले आहे' एवढ्यावरच संपते. वस्तुतः त्या दुसऱ्या नावामागे पाऊणशे वर्षांचे संशोधन उभे आहे, त्या संशोधनाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईच्या एका रुग्णालयात लिहिला गेला आहे, आणि त्याचा निष्कर्ष असा, की दोन भिन्न जातींच्या औषधांची मर्यादित मात्रा ही एकाच औषधाच्या वाढत्या मात्रेपेक्षा पुष्कळदा अधिक गुणकारी आणि शरीराला अधिक सोसणारी ठरते. हे असे का, ते समजून घ्यायचे तर प्रथम रक्तदाबाच्या कारभारात डोकावले पाहिजे.

हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते आणि ते रक्त ज्या सूक्ष्म रोहिणिकांतून जायचे त्या किती आकुंचित आहेत, ह्या दोन गोष्टींच्या गुणाकारावर रक्ताचा दाब ठरतो. हृदय आकुंचन पावताना जो दाब असतो तो वरचा आकडा आणि ते विसावताना जो उरतो तो खालचा. हे आकडे वारंवार १४०/९० च्या वर राहू लागले, की त्यास उच्च रक्तदाब म्हणण्याचा शिरस्ता आहे. परंतु हा दाब म्हणजे नळातून वाहणाऱ्या पाण्यासारखी निर्जीव बाब नव्हे, कारण त्यावर शरीराचा अहोरात्र पहारा असतो. मानेतील मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब जोखणारी संवेदके असतात. दाब उतरला की ती मेंदूला वर्दी देतात, मेंदू स्वयंप्रेरित मज्जातंतूंच्या मार्फत हृदयाची गती वाढवतो आणि रोहिणिका आवळतो. दुसरीकडे मूत्रपिंडे रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात, त्यापासून साखळीने अँजिओटेन्सिन निर्माण होते, आणि हे अँजिओटेन्सिन एका हाताने रोहिणिकांना पिळून धरते, तर दुसऱ्या हाताने अल्डोस्टेरॉन ह्या संप्रेरकाकरवी शरीरातले मीठ आणि पाणी बाहेर जाण्यास प्रतिबंध करते. अपघातात रक्त वाहून गेलेल्या किंवा अतिसाराने शुष्क झालेल्या माणसाचे प्राण हा बंदोबस्त वाचवतो, म्हणून तो दोषास्पद मानता येत नाही. अडचण एवढीच, की वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाला हे पहारेकरी सरावलेले असतात आणि त्या वाढीव पातळीलाच ते योग्य पातळी समजून तिचे रक्षण करीत राहतात.

राधानगरीच्या धरणाचे दरवाजे पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे चटकन उमजेल. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत ज्याचे काम सुरू झाले त्या भोगावतीवरील धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव ठरावीक पातळीला पोहोचला की कोणी हात न लावता ते उघडतात आणि पाणी उतरले की आपोआप मिटतात. अशा जलाशयाची पातळी कमी करावयाची म्हणून कोणी वरून येणारा एखादा ओढा अडवला, तर दरवाजे तितकेच मिटून घेतील आणि पातळी जवळपास जिथल्या तिथे राहील. शरीराचेही तसेच होते. मूत्रल औषध देऊन मीठ-पाणी बाहेर काढले, की मूत्रपिंडे रेनिनचा ओघ वाढवतात. रोहिणिका सैल करणारे औषध दिले, की हृदय धडधडू लागते आणि पाणी साठू लागते. एका औषधाने मिळवलेल्या यशाचा काही वाटा शरीर अशा रीतीने परत घेते, आणि औषधाची मात्रा जितकी वाढवावी तितका हा प्रतिकारही वाढतो. म्हणूनच दुसरे औषध असे निवडावयाचे, की पहिल्याने जागे केलेल्या पहारेकऱ्यालाच ते थोपवून धरील. संयुक्त गोळीचे सारे तर्कशास्त्र ह्या एका वाक्यात आले आहे. पुढचा सर्व तपशील म्हणजे कोणत्या पहारेकऱ्यास कोणी आवरावे ह्याचा शोध होय.

ह्या शोधाच्या आरंभी वैद्यकाच्या हाती जवळपास काहीच नव्हते. १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदला गेला होता, आणि जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाच्या वैद्यांपाशी विश्रांती, कमी मीठ आणि गुंगी आणणारी औषधे ह्यांपलीकडे फारसा इलाज नव्हता. त्या काळी असाध्य रुग्णांना केवळ भात आणि फळे ह्यांवर ठेवीत, किंवा पाठीच्या कण्यालगतचे मज्जातंतू शस्त्रक्रियेने कापून टाकीत. अशा निरुपाय अवस्थेत १९४९ साली मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांचा एक निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात पन्नास रुग्णांवर केलेल्या सर्पगंधेच्या प्रयोगाची हकीकत होती.

सर्पगंधा हे गुडघ्याएवढे वाढणारे झुडूप सह्याद्रीच्या दमट अरण्यातही उगवते. तिची पाने बहुधा तीन-तीनच्या झुबक्याने येतात, फुलोऱ्याचे देठ तांबूस आणि फुले पांढरी असतात, आणि फळ पिकले की जांभळट काळे होते. औषधी असते ते मात्र तिचे कडू मूळ. आपल्याकडे उन्माद, निद्रानाश आणि सर्पदंश ह्यांवर ते पूर्वापार देत आले होते. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी हे मूळ रक्तदाब उतरवते अशी नोंद केली, आणि त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी ह्यांनी त्यातील काही अल्कलॉइडे वेगळी काढली. परंतु हे सर्व दप्तरात पडून राहिले होते; मोजमाप ठेवून, रुग्णांचा पाठपुरावा करून आणि निष्कर्ष जगापुढे मांडून त्या मुळास आधुनिक वैद्यकात दाखला मिळवून देण्याचे श्रेय वकिलांचे आहे. त्यांचा निबंध वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स ह्यांनी हे औषध आपल्या रुग्णांना देऊन पाहिले, १९५२ साली बाझल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन ह्या तिघांनी मुळातील मुख्य द्रव्य रेसर्पिन शुद्ध स्वरूपात काढले, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. एवढ्या मोठ्या कामाचा कर्ता आज महाराष्ट्रातल्याच सुशिक्षितांना नावानेही ठाऊक नसावा, ह्याची मला मनापासून खंत वाटते.

रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रिते करते, म्हणजे मेंदूकडून हृदयाला आणि रोहिणिकांना जाणारा हुकूम वाटेतच क्षीण करते. त्याच दशकात आणखी दोन औषधे हाती आली होती: रोहिणिका सैल करणारे हायड्रॅलझिन व त्याचे भावंड डायहायड्रॅलझिन, आणि १९५७-५८ च्या सुमारास क्लोरोथायाझाइड, ज्याच्या पाठोपाठ हायड्रोक्लोरोथायाझाइड आले. आता ह्या तिघांचे गुणदोष शेजारी शेजारी मांडून पाहावेत. डायहायड्रॅलझिन रोहिणिका सैल करते खरे, पण त्याने हृदयाची गती वाढते आणि शरीरात पाणी साठते. रेसर्पिन नेमकी हृदयाची गती आवरते, पण अधिक मात्रेत दिले तर नाक चोंदते, ग्लानी येते आणि मन खिन्न होते. थायाझाइड साठलेले पाणी बाहेर काढते, पण अधिक दिले तर रक्तातील पोटॅशियम घटवते. सिबा कंपनीने ह्या तिन्ही औषधांची एकच गोळी केली, तीत रेसर्पिन ०.१ मिलिग्रॅम आणि उरलेली दोन औषधे प्रत्येकी १० मिलिग्रॅम एवढीच ठेवली, आणि तिला अडेल्फेन-एसिड्रेक्स हे नाव दिले. आज सत्तरीला आलेल्या कित्येक कोल्हापूरकरांना आपल्या आईवडिलांच्या औषधाच्या डबीतले अडेल्फेन आठवत असेल. तीन औषधे, प्रत्येकाची मात्रा एकटे दिल्यास अपुरी पडावी इतकी अल्प, आणि प्रत्येकाचा दोष दुसऱ्याने झाकलेला: संयुक्त गोळीची कल्पना तेव्हाच परिपक्व झाली होती, असे म्हणण्यास मला मुळीच संकोच वाटत नाही.

ह्याच तीन जातींच्या औषधांनी पुढे एका वादाचा निकाल लावला. रक्तदाब उतरवावा की न उतरवावा, अशी शंका त्या काळी मोठमोठे वैद्य घेत असत. अरुंद झालेल्या धमन्यांतून मेंदूला रक्त पोहोचावे म्हणून वाढलेला दाब आवश्यकच असेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस ह्यांनी १४३ पुरुष रुग्ण घेतले, ज्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता, आणि त्यांतील निम्म्यांना रेसर्पिन, हायड्रॅलझिन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड ही औषधे एकत्र दिली, तर उरलेल्यांना दिसायला तशाच पण औषधविरहित गोळ्या दिल्या. १९६७ साली निकाल जाहीर झाला तेव्हा औषधविरहित गटात २७ जणांना गंभीर उपद्रव झाले होते आणि औषध घेणाऱ्यांत अवघ्या दोघांना. रक्तदाबावरील उपचाराने पक्षाघात आणि हृदयाचे दौर्बल्य टळते ह्याचा हा पहिला निर्विवाद पुरावा, आणि तो मिळाला संयुक्त उपचारातून, ज्याच्या एका घटकाचे मूळ अक्षरशः आपल्या अरण्यात होते. त्या झुडपाची पुढे इतकी बेसुमार तोड झाली, की १९९० पासून सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधांखाली आणावा लागला आहे.

मधल्या काळात औषधांची भर पडत गेली. जेम्स ब्लॅक ह्यांच्या संशोधनातून बीटा-रोधके आली. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या गरळावरील अभ्यासातून अँजिओटेन्सिनच्या निर्मितीस अटकाव करणारे कॅप्टोप्रिल निघाले. रोहिणिकांच्या स्नायूत कॅल्शियम शिरू न देणारे अम्लोडिपिन आणि अँजिओटेन्सिनला त्याच्या ग्राहकापाशीच अडवणारे टेल्मिसार्टन गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बाजारात आले. कोल्हापूरच्या दुकानात आज ज्या दोन नावांचे पाकीट हटकून मिळते, ती हीच दोन. ह्यांची सांगड कशी जमते ते एका लहानशा पण बोलक्या उदाहरणावरून दिसते. अम्लोडिपिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज चढते, पायताणाचा अंगठा आवळू लागतो आणि मोज्याची खूण खोल उमटते. अम्लोडिपिन रोहिणिका सैल करते, पण केशवाहिन्यांच्या पलीकडील सूक्ष्म नीला तेवढ्या सैल होत नाहीत. येणारे रक्त वाढते, जाण्याची वाट तेवढीच राहते आणि द्रव आजूबाजूच्या ऊतीत झिरपतो. ही सूज मूत्रल औषधाने पुरती ओसरत नाही. टेल्मिसार्टन मात्र नीलांच्या बाजूची वाटही मोकळी करते, आणि त्यामुळे दोन्ही औषधे एकत्र दिली तर सूज घटते. शिवाय अम्लोडिपिनने जागे केलेले रेनिन टेल्मिसार्टनपुढे हतबल ठरते, कारण ते ज्या दारावर धडकायचे ते दार आधीच लावून घेतलेले असते.

मात्रेविषयीचा आकडा तर प्रत्येक रुग्णाने ध्यानी धरावा असा आहे. लंडनचे वॉल्ड आणि लॉ ह्यांनी २००३ साली ३५४ चाचण्यांचा जमाखर्च मांडून दाखवले, की रक्तदाबावरील औषधाची मात्रा निम्मी केली तरी त्याचा गुण निम्म्याने कमी होत नाही, तो जेमतेम पाचव्या हिश्श्याने उणावतो, आणि बहुतेक औषधांचे दुष्परिणाम मात्र मात्रेबरोबर पुष्कळ घटतात. २००९ साली त्यांनी आणखी एक हिशेब केला: एका औषधाची मात्रा दुप्पट केल्याने जेवढा जादा दाब उतरतो, त्याच्या सुमारे पाचपट दाब भिन्न जातीचे दुसरे औषध जोडल्याने उतरतो. 'आधी एकच औषध पुरेपूर वाढवून पाहावे आणि मगच दुसऱ्याकडे वळावे' हा जुना नियम ह्या दोन हिशेबांनी मोडीत काढला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत रक्तदाबाच्या संयुक्त गोळ्या प्रथमच दाखल केल्या, त्यांत टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन ही जोडी होती. आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आरंभापासूनच दोन औषधे, शक्यतो एकाच गोळीतून, देण्याची शिफारस केली.

ती गोळी जवळून पाहण्यासारखी असते. पुष्कळ कंपन्यांच्या टेल्मिसार्टन-अम्लोडिपिनच्या गोळीचे निरीक्षण केले, तर तिच्या कडेवर मधोमध एक रेघ दिसते, आणि रेघेच्या एका अंगास एक रंग तर दुसऱ्या अंगास दुसरा असतो. हे शोभेसाठी केलेले नाही. टेल्मिसार्टन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्यात क्षारधर्मी द्रव्ये मिसळावी लागतात. अम्लोडिपिन त्या क्षारात टिकत नाही. तेव्हा दोहोंचे दोन स्वतंत्र थर दाबून एक गोळी करण्याची तजवीज औषधशास्त्रज्ञांनी केली. त्या क्षारधर्मी थराला हवेतील ओलाव्याची ओढ असते, आणि आषाढ-श्रावणात कोल्हापूरची हवा कशी असते ते सांगावयास नको. आठवडाभराच्या गोळ्या पाकिटातून सोडवून प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवण्याची सवय म्हणूनच ह्या औषधाच्या बाबतीत टाळावी. गोळी घ्यावयाच्या वेळीच अ‍ॅल्युमिनियमचे वेष्टन फोडावे.

गोळ्यांची संख्या हा विषय शास्त्रीय निबंधांत एका ओळीत उरकला जातो, पण संसारात तो फार मोठा असतो. करवीर तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सोमवारच्या रांगेत एक वयस्कर बाई डॉक्टरांपुढे आपली पिशवी उपडी करीत होत्या; रक्तदाबाच्या दोन, साखरेच्या दोन, गुडघ्याची एक आणि पित्ताची एक, अशी पाकिटे टेबलावर पसरली. "डाक्टर, ह्यातल्या दोन एकात घालून देत न्हाईसा व्हय? माझं मलाच कळंना झालंय कुठली घेतली न् कुठली ऱ्हायली," असे त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी विचारल्यावर उलगडा झाला, की रक्तदाबाच्या दोहोंपैकी जी आधी संपली ती त्यांनी पुन्हा आणलीच नव्हती, कारण दुसरी चालू होती आणि 'बीपीची गोळी' घेतल्याचे समाधान तेवढ्याने होत होते. रक्तदाब दुखत नाही. म्हणून चुकलेल्या गोळीची तक्रार शरीर करीत नाही, आणि एकाऐवजी दोन गोळ्या म्हणजे चुकण्याचे दोन प्रसंग. दोन औषधे एका गोळीत आली की त्यातील एक वगळण्याचा मार्गच बंद होतो. त्या बाईंनी, कोणताही निबंध न वाचता, ज्या निष्कर्षाला जागतिक संघटनेस पोहोचण्यास कित्येक दशके लागली तोच निष्कर्ष सरळ मागणीच्या रूपाने मांडला होता.

परंतु दोन औषधे एकत्र केली की ती आपोआप शहाणी होतात, असे मुळीच नाही, आणि ह्या बाबतीत आपल्या देशाने फार शिथिलता दाखवली आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑनटार्गेट नावाच्या चाचणीत पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांना टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा ही दोन्ही औषधे देण्यात आली. दोन्ही अँजिओटेन्सिनच्याच साखळीवर काम करतात. एक ती साखळी तयार होताना तोडते, दुसरे तिच्या टोकाशी. ही जोडी अधिक प्रभावी ठरेल अशी अपेक्षा होती, पण हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यात तिचा काडीचाही जादा उपयोग झाला नाही, उलट चक्कर, दाब वाजवीपेक्षा उतरणे आणि मूत्रपिंडांना इजा होणे हे प्रकार वाढले. एकाच पहारेकऱ्याला दोघांनी धरण्यात अर्थ नसतो. आणि आपल्या बाजारात तर रक्तदाबाच्याच नव्हे, सर्वच रोगांच्या औषधांचे असे शेकडो संयोग राज्यांच्या परवान्यांवर विकले जात होते, ज्यांमागे कोणताही सबळ पुरावा नव्हता. त्यांची छाननी करण्यासाठी केंद्र सरकारने जी समिती नेमली तिचे अध्यक्ष आपल्या शेजारच्या बेळगावातील केएलई विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू डॉ. चंद्रकांत कोकाटे हे होते. समितीच्या अहवालावरून २०१६ च्या मार्चमध्ये ३४४ संयोगांवर बंदी आली. कंपन्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, फेरतपासणी झाली आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ३२८ संयोगांवर पुन्हा बंदीचा हुकूम निघाला. संयुक्त औषधांविषयी सामान्य माणसाच्या मनात जी शंका असते, ती ह्या इतिहासाकडे पाहता अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु त्या शंकेचे माप प्रत्येक संयोगाला एकच लावणे अन्यायाचे होईल.

भारतीय रुग्णांसाठी कोणती जोडी उत्तम, ह्याचीही शहानिशा आता भारतातच झाली आहे. टॉपस्पिन नावाच्या चाचणीत देशभरातील सुमारे दोन हजार रुग्णांना अम्लोडिपिन आणि पेरिंडोप्रिल, अम्लोडिपिन आणि इंडापामाइड, पेरिंडोप्रिल आणि इंडापामाइड, अशा तीन जोड्यांपैकी एक जोडी एकाच गोळीतून देण्यात आली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात तिन्ही जोड्या तुल्यबल ठरल्या आणि सुमारे ७० टक्के रुग्णांचा दाब १४०/९० च्या खाली आला. ह्या आकड्याचे मोल कळण्यासाठी त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार ३० ते ७९ वर्षे वयाच्या भारतीयांत उच्च रक्तदाबाचे रुग्ण सुमारे १८ कोटी ८० लाख आहेत, त्यांतील ३७ टक्क्यांचेच निदान झालेले आहे आणि दाब ताब्यात असलेले अवघे १५ टक्के आहेत.

ही दरी भरून काढण्याचा एक गंभीर प्रयत्न कोल्हापूरच्या दोन्ही कुशींना झाला आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्र व राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी मिळून जो उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम हाती घेतला, त्यात महाराष्ट्रातून आरंभी भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. त्याची रचना साधी होती. औषधांची नावे मोजकी ठेवावी आणि कोणत्या पायरीवर कोणते औषध जोडावे ते कागदावर आधीच निश्चित करावे. रुग्णाच्या हाती नोंदीचे कार्ड द्यावे. औषध आठ-दहा दिवसांचे न देता एकदम महिन्याचे द्यावे. आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याची विचारपूस करावी. २०२२ साली ह्या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुरस्काराने गौरविण्यात आले. त्यात मुख्यतः सुट्या गोळ्याच वापरल्या गेल्या, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. जोडगोळी नसतानाही केवळ नियमित पुरवठ्याने आणि पाठपुराव्याने एवढे साधत असेल, तर तीच दोन औषधे एका गोळीतून सरकारी दवाखान्यात मुबलक उपलब्ध करून देण्यास आता विलंब होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळी कितीही उत्तम असली तरी तिच्या काही अटी आहेत. टेल्मिसार्टन आणि त्याच्या वर्गातील औषधे गरोदरपणी गर्भाला गंभीर इजा करतात. म्हणून मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने ती घेत असल्यास डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे. जुलाब-उलट्यांनी शरीर शुष्क झाले असता ही गोळी मूत्रपिंडांवर ताण आणते. गुडघेदुखीवर स्वतःच्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाबही वाढवतात आणि टेल्मिसार्टनच्या जोडीने मूत्रपिंडांनाही बाधतात; त्या करवीरच्या बाईंच्या पिशवीतली खरी काळजीची गोळी ही होती. एखाद्या दिवशी गोळी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेण्याचे कारण नाही, कारण अम्लोडिपिनचा अंमल रक्तात निम्म्यावर येण्यासच तीस ते पन्नास तास लागतात.

आणि मिठाचा मुद्दा वगळता येत नाही, कारण तो औषधाच्या गुणाशी थेट निगडित आहे. मीठ अधिक खाणाऱ्याच्या शरीरात अँजिओटेन्सिनची साखळी मुळातच दबलेली असते; साहजिकच तिला अडवणाऱ्या टेल्मिसार्टनला करण्यासारखे काम कमी उरते आणि गोळीचा गुण घटतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचाही नव्हे, एवढीच मर्यादा सांगते. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला आणि मिसळीला लोक नावे ठेवतात, पण रोजचे मीठ ह्या क्वचितच्या जेवणांतून येण्यापेक्षा लोणचे, पापड, खर्डा, फरसाण, बेकरीचे खारे जिन्नस आणि ताटात वरून घेतलेली चिमूट ह्यांतून अधिक येते. हल्ली दुकानांत कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते, त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. बहुतेकांना ते हितकर ठरते. परंतु टेल्मिसार्टन स्वतःही रक्तातील पोटॅशियम वाढवते आणि दुर्बल मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत, मग हृदयाची लय बिघडण्याचा धोका संभवतो. ज्यांना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी असे मीठ घरात आणण्यापूर्वी रक्तातील पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांचा होकार मिळेपर्यंत नेहमीचेच मीठ, पण निम्म्या प्रमाणात, वापरावे.